बाबांची बोट, बहिणीचा वाटा

सोन्याचा भाव रोज वर्तमानपत्रात छापून येतो. जमिनीचा सरकारी दर रेडी रेकनरमध्ये सापडतो. जुन्या स्कूटरची किंमत कोपऱ्यावरचा गॅरेजवालासुद्धा सांगतो. पण वीस-बावीस वर्षं खाऱ्या पाण्यात राबलेल्या मासेमारीच्या बोटीची किंमत किती, असं विचारलं तर चार माणसं चार आकडे सांगतात आणि गंमत म्हणजे चौघंही आपापल्या परीनं खरंच बोलत असतात. परक्याशी व्यवहार असेल तर घासाघीस करून मोकळं होता येतं. व्यवहार सख्ख्या भावाबहिणीतला असेल तर मात्र याच चार आकड्यांपायी माहेर कायमचं तुटू शकतं.

रायपूर हे समुद्रापासून लांबचं शहर. तिथं मराठी माणसं मात्र जुनी. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडवर होता, तेव्हापासून काही घराणी तिथं रुजली. पुढं रेल्वे, सरकारी कचेऱ्या आणि कारखाने यांच्या निमित्तानं आणखी कुटुंबं गेली. अशाच एका घरात लग्न होऊन आलेल्या बाईंचं माहेर कोकणातलं, दापोली तालुक्यातल्या हर्णैचं. समोर सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर संध्याकाळी भरणारा मासळीचा लिलाव आणि पाण्यात उभ्या असलेल्या बोटींपर्यंत जाऊन मासळी आणणाऱ्या बैलगाड्या, हे त्यांचं बालपण. वडील स्वतः नाखवा. त्यांनी २००३ साली लाकडी बोट बांधून घेतली, तेव्हा इंजिनासकट दहा लाख रुपये खर्च आला होता. ते गेले. मागं आई, धाकटा भाऊ आणि या बाई. बोट भाऊच चालवत होता.

वर्ष सरलं आणि हर्णैहून एक पाकीट आलं. आत हक्कसोडपत्राचा मसुदा होता. भावाचा फोनही आला. ‘‘ताई, नोंदणी माझ्या नावावर करायचीय. सगळ्या वारसांची संमती मागतात. सही करून पाठव. तशी बोट आता मोडीतच निघालीय, वाटा म्हणून घेण्यासारखं तिच्यात काही उरलं नाही.’’

भाऊ खोटारडा नव्हता. रोज सकाळी बोटीत साचलेलं पाणी तोच उपसत होता. बहीणही लोभी नव्हती. पण नुसत्या ‘मोडीत निघालीय’ या शब्दावर सही करायची का, हा प्रश्न तिला पडला. नवरा म्हणाला, ‘‘तुझं माहेर, तू ठरव. फक्त जे सोडशील ते किती आहे, हे समजून सोड.’’ सगळ्या प्रकरणातला शहाणपणाचा शब्द तोच होता.

कायदा काय म्हणतो?

हिंदू वारसा कायदा १९५६चा. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत विधवा पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्याची आई, हे सारे पहिल्या वर्गाचे वारस ठरतात आणि त्यांचे वाटे समान असतात. मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत जन्मापासून हक्क देणारी दुरुस्ती २००५ साली झाली, त्यामुळे त्याआधी मुलीला काहीच नव्हतं असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. वडिलांनी स्वतः कमावलेल्या वस्तूत मुलीचा वाटा १९५६पासूनच आहे. शिवाय मालमत्ता म्हणजे केवळ घर-जमीन नव्हे. बोट, इंजिन आणि जाळी हीसुद्धा मालमत्ताच. इथं वारस तिघं, म्हणून प्रत्येकी एक तृतीयांश.

याच कायद्याचं २२वं कलम फारसं कुणाला ठाऊक नसतं. वडिलांच्या चालत्या धंद्यातला आपला हिस्सा एखाद्या वारसाला दुसऱ्याला द्यायचा असेल, तर तो आधी घेण्याचा हक्क इतर वारसांचा असतो. किंमत आपसात ठरली नाही, तर ती न्यायालय ठरवतं. म्हणजे बोट भावाकडेच राहावी आणि बहिणीला मोल मिळावं, ही वाट कायद्यानंच दाखवली आहे. घोडं अडतं ते किमतीपाशी.

चार माणसं, चार आकडे

पहिला आकडा लाकूडवाल्याचा. तो बोटीकडं बघतच नाही, फळ्यांकडं बघतो. सागाच्या जुन्या फळ्या, लोखंडी खिळे-पट्ट्या, पितळी पंखा, यांचं वजन आणि भंगाराचा भाव एवढाच त्याचा हिशेब. बोट तोडण्याची मजुरी वजा जाता हाती पडेल ते खरं. तो म्हणाला, ‘‘सत्तर हजार.’’ भावाच्या डोक्यात बसला होता तो हाच आकडा.

दुसरा आकडा कागदावरचा. आयकराच्या १९६२च्या नियमांत लाकडी सांगाड्याच्या मासेमारी नौकेला वर्षाला वीस टक्के घसारा धरलेला होता आणि तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. दहा लाखांची बोट पहिल्या वर्षाअखेर आठ लाखांची होते, दुसऱ्या वर्षाअखेर सहा लाख चाळीस हजारांची. दहा वर्षांनी ती एक लाख सात हजारांवर येते आणि वीस वर्षांनी साडेअकरा हजारांवर! वहीत साडेअकरा हजारांची असलेली ही बोट भर हंगामात एका फेरीत तेवढ्याचं डिझेल जाळते. घसारा हा कर मोजण्यासाठी असतो, किंमत मोजण्यासाठी नव्हे, हे इथं लक्षात येतं.

तिसरा आकडा सरकारी मदतीचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दापोलीच्या पट्ट्यालाही त्यानं झोडपलं. आपत्ती निवारण निधीच्या २०१५ ते २०२० या काळातल्या निकषांनुसार, अंशतः नुकसान झालेल्या बोटीच्या दुरुस्तीला ४,१०० रुपये आणि पूर्ण नष्ट झालेल्या बोटीला ९,६०० रुपये मदत ठरलेली होती. २०२१च्या तौक्ते वादळानंतर राज्यानं पूर्ण नष्ट झालेल्या बोटीसाठी ही रक्कम वाढवून पंचवीस हजार केली. ही मदत म्हणजे बोटीची किंमत नव्हे, तसा सरकारचाही दावा नाही. तरीपण गावात वाद निघाला की कुणीतरी हा आकडा पुढं करतोच.

चौथा आकडा ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांचा. ‘‘आज असली बोट नवी बांधायला घे, मग कळेल!’’ साग महागला, बोट बांधणारे सुतार कमी झाले, फायबरच्या बोटी आल्या. नव्या लाकडी बोटीच्या खर्चावरून जुनीची किंमत काढायची, तर आकडा फुगून कुठल्या कुठं जातो. पण जुनी ती जुनी. नवीचा खर्च वीस लाख आला, तरी जुनीला त्याच्या निम्मे देणारा माणूसही भेटत नाही.

सत्तर हजार, साडेअकरा हजार, पंचवीस हजार आणि दहा लाख. एकाच बोटीचे हे चार आकडे. यातला कुठला आकडा धरून बहिणीनं वाटा मागायचा?

केवटानं सांगितलेली किंमत

वाट दिसली ती रायपुरातच. रायपूरच्या कडेनं खारून नदी वाहते. महादेव घाटावर हटकेश्वराचं देऊळ आहे आणि कार्तिक पौर्णिमेला तिथं मोठा मेळा भरतो. घाटावर नावा असतात. छत्तीसगडात मासेमारी आणि नावाड्याचं काम पिढ्यान् पिढ्या केवट, निषाद आणि ढीमर समाजाकडे चालत आलं आहे. बिलासपूर शहराचं नाव बिलासा केवटीण या स्त्रीवरून पडलं असं तिथं मानतात. तिथल्या विमानतळालाही तिचंच नाव दिलं आहे. बाईंच्या शेजारी याच समाजातलं एक घर होतं. त्या घरातल्या सासूबाईंचं माहेर महानदीकाठचं.

बोटीची सारी कथा ऐकून त्या म्हणाल्या, ‘‘अहो, आमच्या केवटानं रामचंद्रजींना काय सांगितलं ते विसरलात का?’’

ती गोष्ट साऱ्या देशाला माहीत आहे. रामाच्या पायधुळीनं शिळेची स्त्री झाली. मग माझी नाव तर लाकडाची, तिचीही बाई झाली तर मी काय करू, असं म्हणून केवट आधी पाय धुवायला मागतो. भक्तीची गोष्ट म्हणून आपण ती ऐकतो. पण केवटाचं म्हणणं नीट ऐकलं तर त्यात रोकडा हिशेबही आहे. नाव केवढ्याला घेतली हे तो सांगत नाही, लाकूड कुठलं हेही सांगत नाही. या नावेवर माझं घर जेवतं, दुसरा धंदा मला येत नाही, एवढंच तो सांगतो. नावेची किंमत म्हणजे ती जेवढं जेवू घालते तेवढी.

जगभरचे मूल्यांकन करणारे जाणकार हेच लांबलचक शब्दांत सांगतात. जुन्या वस्तूची किंमत काढायच्या तीन रीती: तशीच वस्तू बाजारात केवढ्याला गेली ते पाहायचं, नवी करायला येणाऱ्या खर्चातून झीज वजा करायची किंवा ती वस्तू इथून पुढं किती कमावून देईल ते मोजायचं. चालती बोट कामाला लावायची असेल, तर तिसरी रीत सर्वांत खरी आणि पहिली तिला ताळा म्हणून वापरायची. लाकूडवाल्याचा भाव फक्त बोट तोडायची असेल तेव्हाचा. म्हणून आधी ठरवायचं ते हे, की बोट तोडायची आहे की चालवायची? इथं तर भाऊ ती चालवणार होता. मग मोडीचा भाव लावायचा कशाला?

बोट तपासायची कशी?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा हंगाम आणि खवळलेला दर्या, दोन्ही कारणांसाठी ही बंदी आहे. हर्णैच्या बऱ्याच बोटी तेव्हा आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जातात, काही वर ओढून शाकारल्या जातात. बोट उघडी पडते ती याच दिवसांत. बाईंनी सही केली नाही आणि भांडणही केलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात रायपूरहून मुंबईची गाडी पकडली, तिथून कोकण रेल्वेनं खेड आणि मग एसटीनं दापोलीमार्गे हर्णै गाठलं. ‘‘आपण दोघं मिळून किंमत काढू,’’ असं त्यांनी भावाला सांगितलं. तो आधी फुरंगटला. आई म्हणाली, ‘‘काढू दे रे. तुझ्या बापानं बोट लपवून ठेवायला बांधली नव्हती.’’

दोन माणसं बोलावली, ती भावाची मित्रमंडळी नव्हती आणि बहिणीच्या ओळखीचीही नव्हती. एक शेजारच्या गावचा बोटी बांधणारा सुतार, दुसरा इंजिनाचा मेस्त्री. दोघांची मजुरी बहीणभावांनी निम्मी निम्मी दिली.

सुतारानं रंगाकडं पाहिलंच नाही. लहान हातोडी घेऊन तो फळी फळी ठोकत गेला. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं आणि किडलेलं बद्द. शंका आली तिथं टोच्या खुपसून पाहिला. पाण्याखाली राहणाऱ्या फळ्यांना आतून पोखरणारी समुद्री कीड लागते. बाहेरून भोक टाचणीएवढं दिसतं, आत फळीची चाळण झालेली असते. खिळ्यांभोवती गंजाचे ओघळ, फळ्यांच्या सांध्यांत ठोकलेला कापूस आणि वरचा राळेचा लेप, बोटीचा कणा म्हणजे पठाण, त्यावर बसवलेले वाक, हे सगळं त्यानं पाहिलं. कणा धड आहे की नाही यावर बाकी सारं अवलंबून असतं. फळी बदलता येते, कणा बदलायचा म्हणजे बोट नवीच बांधायची. निकाल असा: कणा चांगला, डाव्या अंगाच्या सहा फळ्या बदलायला हव्यात, त्या बदलल्या तर बोट पाच वर्षं निर्धास्त चालेल.

मेस्त्रीनं इंजिन आधी गरम करू दिलं नाही. थंड इंजिन पहिल्या फटक्याला लागतं का, हीच पहिली परीक्षा. मग धूर. काळा धूर निघाला तर डिझेल नीट जळत नाही, निळा निघाला तर इंजिन ऑइल पितंय, पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत शिरत असण्याची शक्यता. पंख्याच्या दांड्याला खेळ किती, गिअर बॉक्सचा आवाज कसा, तेलात पाणी मिसळलंय का, तेही त्यानं तपासलं. इंजिनाचं काम दोन वर्षांपूर्वीच झालं होतं, ते ठीक निघालं.

तिसरी तपासणी कागदांची, आणि ती कुणी विसरू नये. बोटीवर रंगवलेला आयएनडी-एमएच या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक कागदाशी जुळतो का, मासेमारीचा परवाना चालू आहे का आणि कुठल्या पद्धतीच्या जाळ्याचा आहे, हे पाहिलं. महाराष्ट्रात १९८१च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली परवाने मिळतात. २०१६मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले आणि २०२१मध्ये या कायद्यातला दंड बराच वाढला. त्यामुळे आज दोन सारख्याच बोटींमध्ये ज्या बोटीचे कागद स्वच्छ, तिला किंमत जास्त. सोसायटीचं कर्ज किती बाकी, डिझेलवरच्या कराचा परतावा किती येणं आहे, हेही याच वेळी पाहिलं.

आकडेमोड

यानंतर बहीणभाऊ वह्या घेऊन बसले. पारंपरिक मासेमारीत वाट्याची एक जुनी रीत आहे. मासळीच्या विक्रीतून डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेचे वाटे पाडायचे. त्यात माणसांचे वाटे असतात, तसा जाळ्याचा असतो आणि बोटीचाही असतो. तांडेल म्हणून भावाला मिळणारा वाटा हा त्याच्या कष्टाचा. तो वारशात येत नाही. मोजायचा तो फक्त बोटीचा वाटा. इथंच अनेक घरांत गल्लत होते. बहिणींना वाटतं भाऊ सगळी कमाई दाबतो आणि भावांना वाटतं आपल्या घामात बहीण वाटा मागते.

मागच्या तीन हंगामांत बोटीचा वाटा दोन लाख चाळीस हजार, नव्वद हजार आणि दीड लाख असा पडला होता. सरासरी एक लाख साठ हजार. एका चांगल्या वर्षावर किंमत काढू नये, एका वाईट वर्षावरही काढू नये, म्हणून सरासरी. त्यातून दरवर्षीची डागडुजी आणि रंगरोगण यांचे साठ हजार गेले. सहा फळ्यांचा खर्चही त्यातच धरला. राहिले वर्षाला एक लाख. सुतारानं आयुष्य पाच वर्षांचं सांगितलं, म्हणजे पाच लाख.

पण पाच वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो आणि दर्याचा भरवसा नसतो. वर्षाला बारा टक्के सूट धरली तर पाच वर्षं मिळणाऱ्या एकेक लाखाची आजची किंमत सुमारे तीन लाख साठ हजार होते. पाच वर्षांनंतर उरणारं लाकूड-लोखंड आणि आताची जुनी जाळी, यांचं एकमेकांत भागवून टाकलं. ताळा म्हणून आसपासच्या बंदरांत अशा दोन बोटी केवढ्याला गेल्या ते विचारलं. दोन्ही आकडे याच्याच आसपास निघाले. त्यातून सोसायटीचं साठ हजारांचं कर्ज वजा केलं, कारण वारसा घेताना देणंही घ्यावं लागतं. उरले तीन लाख. वारस तिघं, प्रत्येकी एक लाख. डिझेलचा परतावा वडिलांच्या हयातीतला होता, तो मिळेल तेव्हा तिघांत वाटायचा असं ठरलं.

हे आकडे त्या एका घराचे आहेत. दुसऱ्या बोटीचं लाकूड, इंजिन, परवाना आणि बंदर वेगळं असेल, तसा आकडाही बदलेल. बदलत नाही ती रीत.

वहीत न मावणारं

यानंतरचा प्रश्न अवघड होता. लाख रुपये घ्यायचे की सोडायचे? आईचा वाटा आईनं बोटीतच ठेवला, त्याबदली दर महिन्याला ठरावीक रक्कम तिच्या खात्यात भरायची असं लिहून घेतलं. बहिणीनं पन्नास हजार घेतले, तेही दोन हंगामांत, नारळी पौर्णिमेनंतर मासळीचा पैसा हाती आल्यावर. उरलेले पन्नास हजार तिनं सोडले आणि सोडते आहे असं कागदावर लिहिलं. भाऊ म्हणाला, ‘‘ताई, मला वाटलं होतं तू वाटा मागितलास म्हणजे आता येणं-जाणं संपलं.’’ ती म्हणाली, ‘‘अरे, न विचारता सही केली असती तर संपलं असतं. जन्मभर मनात राहिलं असतं, की किती होतं कोण जाणे.’’

माहेर टिकावं म्हणून डोळे मिटून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आपल्याकडे घरोघर आहेत. त्यांना कुणी फसवतंच असं नाही. पण जे मोजलंच नाही ते दिलं, असं म्हणता येत नाही. ते फक्त सुटलेलं असतं आणि सुटलेल्याची रुखरुख राहते. मोजून दिलेलं मात्र खरं दान असतं. घेणाऱ्यालाही त्याची जाण राहते.

गोष्ट बोटीची असली तरी पिठाची गिरणी, रसवंतीचं चरक, ट्रॅक्टर, शिलाईची चार यंत्रं किंवा गावातलं लहानसं दुकान, या सगळ्यांना हीच रीत लागू पडते. वस्तू मोडायची की चालवायची ते आधी ठरवावं. तपासायला दोन्ही बाजूंना चालणारी त्रयस्थ माणसं बोलवावीत आणि त्यांची मजुरी दोघांनी द्यावी. कष्टाचा मोबदला वेगळा काढावा, वस्तूची कमाई वेगळी. देणं वजा करावं. मगच घ्यायचं की सोडायचं ते ठरवावं आणि जे ठरेल ते लिहून ठेवावं.

किनाऱ्यावरच्या रीतीनं लाकडाच्या बोटीला आणि सुताच्या जाळ्यालाही वाटा दिला आहे. घरच्या मुलीचा वाटा मोजायला मग कुणी का लाजावं?